कोणाच्या हातची स्ट्रॅटोस?

मारुती ८००च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,१७५ मिलिमीटर होतं. लान्चिया स्ट्रॅटोसचं २,१८०. फरक अवघा पाच मिलिमीटरचा. मारुतीला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं. स्ट्रॅटोसमध्ये चालकाच्या पाठीमागे फेरारी डिनोचं २,४१८ सीसीचं व्ही-सिक्स बसवलेलं होतं, १९० अश्वशक्तीचं. एवढ्याशा गाडीत एवढं इंजिन घालायचं कारण एकच होतं. ही गाडी बाजारहाटाला किंवा सासुरवाडीला जाण्यासाठी नव्हतीच, ती रॅली जिंकण्यासाठी काढलेली होती.

तिची गोष्ट १९७०च्या तुरीन प्रदर्शनात सुरू होते. बेर्तोने कंपनीने तिथे ‘झीरो’ नावाची एक पाचर मांडली, उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर. पुढे नुच्चो बेर्तोने ती स्वतः चालवत लान्चियाच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाचा अडसर वर उचलायची वाट न पाहता सरळ त्याच्या खालून आत शिरले. लान्चियाच्या रॅली संघाचे प्रमुख चेझारे फिओरिओ नव्या गाडीच्या शोधात होतेच. मार्चेल्लो गान्दिनी यांनी तिचं रूप आखलं. १ ऑक्टोबर १९७४ रोजी तिला स्पर्धेची मान्यता मिळाली आणि लगेच तिने सानरेमो जिंकली. १९७४, ७५ आणि ७६ अशी लागोपाठ तीन जागतिक विजेतेपदं लान्चियाकडे गेली. सान्द्रो मुनारीने १९७५ ते ७७ सलग तीन वर्षं माँटे कार्लो मारली. कंपनीने हात आखडता घेतल्यावरही १९७९ साली बेर्नार दार्निशने खासगी संघाच्या स्ट्रॅटोसमध्ये तीच रॅली जिंकली. फक्त आफ्रिकेतली सफारी तिला कधी साधली नाही. १९७५ साली स्ट्रॅटोस दुसरी आणि तिसरी आली, आणि पहिली आली ती साधी, उंच, घरगुती प्यूजो ५०४.

बांधल्या गेल्या पाचशेच्या आत. त्यांतली एखादी आज लिलावात आली तर किंमत पाच लाख डॉलरच्या वर जाते, आणि ती घेणारा ती चिखलात घालत नाही. म्हणूनच प्रतिकृतींचा बाजार उभा राहिला, तोही मुख्यतः ब्रिटनमध्ये. १९८०च्या दशकात तिथे ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाचं किट निघालं, नंतर ‘हॉक’च्या एचएफ मालिकेतली किटं आली, अलीकडे ‘लिस्टर बेल’ची एसटीआर. चांगली बांधलेली, नोंदणी झालेली गाडी पाच आकडी पौंडांत मिळते. टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्याहून कॉव्हेंट्री-गेडनच्या पट्ट्यात गेलेल्या इंजिनिअरांची संख्या मोठी आहे. शनिवारी सकाळी गॅरेजचं शटर वर करून पाना हातात घेण्याची तिथली सवय त्यांच्यातल्याही काहींना लागते. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नुसतं वाचूनही आनंद होतो त्यांच्यासाठी.

प्रतिकृती म्हटल्यावर नाक मुरडणारे भेटतातच. त्यांना सांगायला एक गोष्ट आहे. मूळ स्ट्रॅटोस हीसुद्धा जमवाजमवच होती. इंजिन फेरारीचं, अंग बेर्तोनेच्या कारखान्यातल्या फायबरचं, नाव लान्चियाचं. त्यामुळे अल्फा रोमिओचं इंजिन घातलेली स्ट्रॅटोस म्हणजे काही बाटलेली गाय नव्हे. लाज वाटायचीच तर ती प्रतिकृतीला मूळ गाडी म्हणून खपवणाऱ्याला वाटावी.

किट घेणं म्हणजे कंपनीकडून चॅसिस आणि फायबरचे भाग घ्यायचे, एखाद्या भंगारातल्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, बाकीची यंत्रणा काढायची, आणि हे सगळं स्वतः जोडायचं. यात हजार-दीड हजार तास सहज जातात, असं बांधणारे सांगतात. बहुतेक जण त्या वाटेला न जाता दुसऱ्याने बांधलेली गाडी विकत घेतात, आणि खरी पारख तिथे लागते. एकाच कंपनीची, एकाच वर्षी विकली गेलेली दोन किटं दोन गॅरेजांत दोन वेगळ्या गाड्या होऊन बाहेर पडतात. पीठ एकच असलं तरी भाकरी कोणाच्या हातची, यावर सगळं असतं. जाहिरातीत कंपनीचं नाव ठळक असतं. विचारायचं मात्र बांधणाऱ्याचं.

त्याआधी गाडी कशासाठी हवी, हे मनाशी ठरवलेलं बरं. इंजिनाचा प्रश्न त्यातून सुटतो. जुन्या, स्वस्त प्रतिकृतींमध्ये बहुधा लान्चिया बेटाचं चार सिलिंडरचं ट्विन-कॅम असतं, फेरारी सोडून फियाटमध्ये आलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदींच्या घराण्यातलं. हे इंजिन हलकं आणि दणकट, त्याचे सुटे भागही मिळतात, पण आवाज चार सिलिंडरचा. ज्याला पाठीमागून येणारा व्ही-सिक्सचा सूर हवा आहे त्याने अल्फाकडे वळावं. जुझेप्पे बुस्सो यांनी आखलेलं हे इंजिन १९७९ ते २००५ अशी सव्वीस वर्षं बनत होतं. अल्फा १६४मधलं तीन लिटरचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन एकशे नव्वदच्या आसपास अश्वशक्ती देतं आणि १५६मधलं अडीच लिटरचं चोवीस व्हॉल्व्हचं बरोबर १९०. म्हणजे मूळ फेरारी इंजिनाच्या ताकदीशी तंतोतंत. १५६मधून घेतलेल्या इंजिनासोबत सहा गिअरचा गिअरबॉक्सही येतो. याहून मोठं, ३.२ लिटरचं इंजिन घालून मिरवणारेही आहेत. मारुतीएवढ्या चाकांतराच्या गाडीत त्याची गरज किती, हे एकदा ओल्या रस्त्यावर वळण घेऊन पाहावं आणि मग ठरवावं.

आता पाहणी. जायचं ते दिवसाउजेडी आणि कोरड्या हवेत. ओल्या फायबरवर सगळंच चकचकीत दिसतं. इंजिन गार असताना पोहोचावं आणि मालकाला तसं आधीच सांगून ठेवावं. आपण यायच्या आधीच त्याने ‘जरा गरम करून ठेवली’ असेल, तर सकाळी ती कशी सुरू होते हे त्याला दाखवायचं नाही, एवढं कळतं.

पहिल्यांदा दोन-चार पावलं मागे उभं राहून फटी पाहाव्यात. स्ट्रॅटोसचा पुढचा आणि मागचा भाग अखंड असतो आणि शिंपल्यासारखा वर उघडतो. हे दोन मोठे तुकडे आणि मधली दोन दारं जिथे भेटतात तिथल्या रेषा बांधणाऱ्याची सगळी कुंडली सांगतात. खिशात एक पौंडाचं नाणं असतंच, २.८ मिलिमीटर जाडीचं. ते फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवावं. वर सैल आणि खाली अडकलं, तर बिजागऱ्या नीट बसवलेल्या नाहीत किंवा चॅसिस कुठेतरी मुरगळली आहे. एका बाजूला ठीक आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर अपघाताबद्दल विचारावं. मग डोळा रंगाच्या पातळीवर आणून तिरपं बघावं. फायबरच्या वरच्या थराला तारे फुटल्यासारख्या बारीक भेगा दिसतात का? दाराच्या कोपऱ्यांत, बिजागरीजवळ, चाकाच्या कमानीवर त्या हमखास असतात. थोड्या असतील तर चालतं. रंगाखालून विणकामाची जाळी उमटलेली दिसली तर मात्र रंगारी आणि त्याचा पॉलिश पेपर दोघांनीही घाई केली, असं समजावं.

मग मागचं झाकण वर करावं. इथे पाचेक मिनिटं काहीच न बोलता नुसतं पाहत राहावं. वायरी एका जुडीत बांधून, रबराच्या बुचांतून नेलेल्या आहेत का? की जिथे हवी तिथे तार कापून, निळा प्लॅस्टिकचा चिमटा दाबून जोड मारलेला आहे? तो निळा चिमटा एखाददुसरा असेल तर दुरुस्त होईल. पाच-सहा दिसले तर ती गाडी भर पावसात, रात्री, मोटरवेच्या कडेला बंद पडणार. पेट्रोलच्या नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. कडक झालेल्या, चिरलेल्या नळ्या फायबरच्या गाडीत, गरम एक्झॉस्टच्या बाजूला असणं म्हणजे पेटती काडी घरात ठेवणं. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळीवर ‘आर-नाइन’ छापलेलं असेल तर बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं. नसेल तर गाडी घरी आल्यावर पहिलं काम हेच, रंग आणि स्टिकर नंतर.

खाली वाकून चॅसिसचे कोपरे टॉर्चने बघावेत. फायबरला गंज लागत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि आतल्या पोलादाच्या नळ्या निवांत गंजत बसतात. वेल्डिंगजवळचा पावडरचा रंग फुगून सुटला असेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून पाहायची परवानगी मागावी. परवानगी न देणाऱ्या मालकाकडे चहा घ्यावा आणि निघावं.

कागद बघायला बसावं तेव्हा घाई करू नये. ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदणीच्या कागदाला व्ही-फाइव्ह-सी म्हणतात, आपल्याकडचं आरसी बुकच. त्यात गाडीच्या नावापुढे काय लिहिलं आहे, हे पहिल्यांदा वाचावं. हौशी माणसांनी बांधलेल्या गाड्यांसाठी १९९८ साली तिथे एसव्हीए ही तपासणी आली आणि २००९ साली तिची जागा आयव्हीएने घेतली. एसव्हीएच्या आधीच्या किट गाड्या कित्येकदा जुन्या गाडीच्याच ओळखीवर रस्त्यावर आल्या. म्हणजे समोर स्ट्रॅटोस उभी, आणि कागदात मात्र लान्चिया बेटा सलून. हा घोळ आज ना उद्या घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. विमा कंपनी विचारते, नोंदणी कार्यालय विचारतं. नंबरप्लेट ‘क्यू’ अक्षराने सुरू होत असेल तर काही जण कमीपणा मानतात. खरं तर १९८३पासून चालत आलेली ही पद्धत सरळ आहे. गाडीचं वय किंवा ओळख नक्की सांगता येत नाही, एवढंच ते अक्षर सांगतं. खोट्या ओळखीपेक्षा प्रामाणिक क्यू केव्हाही परवडला.

आयव्हीए पास झालेली असेल तर फार उत्तम, पण तिथेही एक गंमत आहे. या तपासणीत बाहेरच्या बाजूला कुठलीही धारदार कडा चालत नाही, २.५ मिलिमीटरची तरी गोलाई लागते. स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ यावं लागतं, आरशांतून ठराविक भाग दिसावा लागतो. मग बांधणारे कडांना रबराच्या पट्ट्या चिकटवतात, बोजड आरसे लावतात आणि पास झाल्याच्या संध्याकाळी सगळं उतरवून ठेवतात. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या पोरांची आठवण यावी, असा प्रकार. पट्ट्या काढल्या तर फार बिघडत नाही, पण स्टेअरिंगची जुळणी परीक्षेनंतर बदलली असेल तर गाडी चालवताना ते हाताला जाणवतं आणि ते नक्की विचारावं.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बांधणाऱ्याची फाइल. रिकाम्या चॅसिसपासून शेवटच्या रंगापर्यंतचे फोटो, प्रत्येक भागाची पावती, इंजिन कुठल्या गाडीतून आणि किती मैल चाललेलं काढलं त्याची नोंद. जाड, तेलाच्या डागांची फाइल असलेली जुनी गाडी घ्यावी. फाइल नसलेली नवी चकचकीत गाडी घेऊ नये. काही विक्रेते मधुर हसून ‘सगळं डोक्यात आहे’ म्हणतात. डोकं गाडीबरोबर येत नाही.

अर्धवट बांधलेलं किट स्वस्त दिसतं. बहुतेक अर्धवट किटांमागे घटस्फोट, बदली, बाळ किंवा वायरिंग यांपैकी एक कारण असतं. पहिली तीन कारणं चालतील. चौथं असेल तर आधीची सगळी वायरिंग उपटून टाकून नवी करावी लागणार, हे किमतीत धरावं. 

चालवायला बसताना पहिला धडा अंग आत कसं घालायचं याचा. गाडीची उंची १.११ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर. पुढच्या चाकांच्या कमानी आत घुसलेल्या, त्यामुळे पेडल मधल्या बाजूला सरकलेले. रुंद बूट घालून गेलेला माणूस ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही दाबतो. पातळ तळव्याचे बूट न्यावेत. समोर हेल्मेटच्या काचेसारखी वळलेली मोठी काच, आणि मागे? मागे जवळजवळ काहीच नाही. पार्किंगमधून रिव्हर्स काढताना दुसऱ्या माणसाने उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणावं लागतं. दारांच्या आतल्या बाजूला एवढा खोल कप्पा आहे की पूर्ण हेल्मेट मावतं. मूळ गाडीत चालक आणि सहचालक तिथेच हेल्मेट ठेवत. बहुतेक चांगल्या प्रतिकृतींमध्येही तो कप्पा असतो. नसेल तर बांधणाऱ्याला स्ट्रॅटोस कळली होती का, हा प्रश्न मनात येतोच.

चाकांमधलं अंतर कमी, इंजिन मागे, वजन एक टनाच्या आसपास. ही गाडी वळणावर हसत हसत साथ देते आणि चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो त्या क्षणी मागची बाजू पुढे यायला बघते. त्यामुळे पहिले काही महिने ओल्या रस्त्यावर हिरो होऊ नये. एखाद्या ट्रॅकवर दिवसभर फिरवून तिची नस ओळखावी. ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते, तेव्हा गाडीचा आवाज किती आहे हे आधीच मोजून घ्यावं. शेल्सली वॉल्शसारख्या, १९०५पासून चालू असलेल्या डोंगरी शर्यतीच्या वातावरणात अशी गाडी शोभते. ऐतिहासिक रॅलींचा मात्र नाद सोडावा. अल्फाच्या इंजिनाची गाडी त्या काळच्या मूळ तपशिलाशी जुळत नाही, त्यामुळे एफआयएचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट तिला मिळण्यातला नाही.

पाळायचा खर्च तीन-चार ठिकाणी दडलेला असतो. टायमिंग बेल्ट हा त्यातला मोठा. चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनाचा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. अशा गाड्या वर्षाला हजारेक मैलच फिरतात, म्हणून बेल्टचं आयुष्य मैलांत मोजू नये, वर्षांत मोजावं. तीन वर्षांनी बदलला आणि त्याच वेळी वॉटर पंपही बदलला, तर झोप शांत लागते. दुसरं म्हणजे रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मधे लांबलचक नळ्या. त्यांत हवा अडकली की गरम होण्याचा काटा चढतो आणि हीटर मात्र गारच राहतो. कूलंट भरताना नाक वर उचलून, बुचं एकेक उघडून, धीराने हवा काढावी लागते. ते करायचं कसं हे आधीच्या मालकाकडून प्रत्यक्ष करवून पाहावं, सांगून कळत नाही. तिसरं, पुढची काच. ती फुटली तर कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे मिळत नाही, म्हणून विम्यात ती आहे का ते पाहावं. विमा साध्या कंपनीऐवजी किट गाड्यांचं काम करणाऱ्या कंपनीकडून काढावा आणि किंमत आधी ठरवून, लिहून घ्यावी. तिथे त्याला ॲग्रीड व्हॅल्यू म्हणतात. ती ठरवलेली नसताना नुकसान झालं तर कंपनी भंगारातल्या बेटाच्या हिशोबाने पैसे देऊ पाहील.

रंगाबद्दल दोन शब्द. बऱ्याच प्रतिकृती पांढऱ्या, हिरव्या आणि लाल पट्ट्यांत, लान्चियाच्या रॅली संघाची प्रायोजक असलेल्या अलितालिया विमान कंपनीच्या वेषात दिसतात. ती विमान कंपनी ऑक्टोबर २०२१मध्ये बंद पडली, तिचा रंग मात्र इंग्लंडच्या गॅरेजांत अजून आहे. पुढे विकायची असेल तर त्या पट्ट्यांखाली रंग कोणता, ते विचारून ठेवावं. स्टिकर उतरवल्यावर खाली निळी गाडी निघाल्याचा धक्का बसू नये.

स्ट्रॅटोस नको असेल तर भावंडं आहेतच. ऑडी स्पोर्ट क्वाट्रोची प्रतिकृती म्हणजे लांब क्वाट्रोचं अंग ३२ सेंटिमीटर कापून पुन्हा जोडणं. मूळ गाड्या २१४च बनल्या. त्या कापलेल्या जागेचं वेल्डिंग कोणी केलं, हा एकच प्रश्न तिथे महत्त्वाचा. फोर्ड एस्कॉर्टचं बघायचं तर तिचं नवं पत्र्याचं अंगच विकत मिळतं, आणि ज्याला रॅलीत खरोखर धावायचं आहे त्याने तिकडेच जावं.

आणि ही गाडी पुण्यात आणता येईल का? व्यवहारात नाही. भारतात गाडीच्या नमुन्याची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून कंपन्यांना मिळते. हौशी माणसाने एकच गाडी गॅरेजात बांधावी आणि तपासून घेऊन नोंदवावी, असा ब्रिटनसारखा सरळ रस्ता इथे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई केली, हेही लक्षात ठेवावं. जुन्या मारुतीवर फायबर चढवून स्ट्रॅटोस करण्याचा बेत इंजिनिअरिंगच्या होस्टेलात फार रंगतो. आरटीओत तो टिकत नाही.

गाडी घेतलीच, तर घरी आणताना आडरस्ता धरावा आणि दर वीस-पंचवीस मैलांनी थांबून मागचं झाकण उघडून वास घ्यावा. पेट्रोलचा, जळक्या रबराचा, गोडसर कूलंटचा. पहिल्या शंभर मैलांनी सस्पेन्शनचे, इंजिन धरणारे आणि चाकांचे सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. एकदोन तरी सैल निघतातच. कुठला नट, किती फिरला आणि तारीख काय, ते फाइलच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहावं. आधीच्या मालकाचं अक्षर जिथे संपलं आहे, त्याच्या खाली.